खरा वसुलीवाला तारीख मागतो

माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, "मुलगी फायनान्समध्ये आहे." ते खोटं नव्हतं. पण फायनान्समध्ये मुलगी नेमकं काय करते, हे ती कधी सांगायची नाही. मी वसुलीत होते. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर यांना कर्ज देणारी नागपुरातली एक कंपनी होती. तिथे हप्ता चुकला की गिऱ्हाइकाला जो पहिला फोन जायचा तो माझा. दुसराही माझाच. त्यानंतर आमची माणसं घरी जायची. लग्न झाल्यावर सासूबाईंनी तर फायनान्सही काढून टाकलं. त्या शेजारणींना सांगायच्या, "सूनबाई टेलिफोनवर आहे." शेजारणींना वाटायचं टेलिफोन खात्यात आहे, आणि त्या बंद पडलेल्या फोनच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे यायच्या. दोनचार जणींचे फोन मी ओळखीपाळखीने दुरुस्तही करून दिले.

लोकांना वाटतं वसुली म्हणजे आरडाओरडा. आरडाओरडा करणारे होते, नाही म्हणत नाही. पण ते फार दिवस टिकत नसत आणि त्यांची वसुलीही होत नसे. आमचा सगळा धंदा एकाच गोष्टीवर चालायचा, ती म्हणजे तारीख. गिऱ्हाईक म्हणतं पैसे नाहीत. ठीक आहे. मग कधी? "बघतो" चालायचं नाही, "लवकरच" चालायचं नाही. पुढल्या आठवड्यातली म्हणा, पुढल्या महिन्यातली म्हणा, पण तारीख द्या. ती मिळाली की मी गोड आवाजात आभार मानून फोन ठेवायची आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा करायची. तारीख चुकली तर नवी तारीख. संध्याकाळी साहेब विचारायचे ते पैसे किती आले हे नव्हे, तारखा किती आल्या हे. माणसाने स्वतःच्या तोंडाने दिलेली तारीख त्याला आतून टोचत राहते, हे या धंद्याचं सगळं शास्त्र. बाकी पगार, बढती, बदल्या यांत सांगण्यासारखं काही नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग होती. नागपूरलगतच्या वाडीचे एक ट्रकमालक होते. नाव सांगत नाही, कारण ते ठणठणीत आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. माझा फोन गेला की ते आवाज बारीक करून बायको व्हायचे. "ते घरी नाईत जी, रायपूरले गेले गाडी घेऊन." पहिल्या वेळी मी फसले. दुसऱ्या वेळी मागून खऱ्या वहिनींचा आवाज आला, "काहून माह्या आवाजात बोलून राहिले?" तेव्हापासून मी म्हणायला लागले, "हरकत नाही वहिनी, तुमचीच तारीख घेते." ते बारीक आवाजातच तारीख द्यायचे. आणि कबूल करायला हवं, जाड आवाजात दिलेली तारीख ते हमखास चुकवायचे, बारीक आवाजातली एकही चुकवली नाही. कन्हानचे दुसरे एक होते, ते कोणत्याही महिन्यात "पोळा झाला की देतो" म्हणायचे. पोळा होऊन आठवडा झालेला असला तरी हेच.

माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती तेव्हा खोट्या वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. कर्ज नसलेल्यांना, फेडून मोकळे झालेल्यांना, कोणालाही. अमुक कर्ज बाकी आहे, वॉरंट निघालंय, या नंबरावर पैसे टाका. त्याचा पहिला फटका बसला आम्हाला. मी खरा हप्ता मागायला फोन करायची आणि लोक मलाच चोर म्हणायचे. वाडीच्या त्या ट्रकमालकांनी तर माझी परीक्षा घेतली.

"खरी म्याडम असान तर सांगा, मागच्या खेपेले मी काय बहाना सांगतला होता?"

"साडूच्या किडनीतला खडा."

"बरोबर. अन् त्याच्या आंधी?"

"तेव्हाही साडूच. पण तेव्हा अपेंडिक्स होतं."

"मंग तुमीच हाव," असं म्हणून त्यांनी तारीख दिली.

हसू येतं, पण त्यांची परीक्षा पक्की होती. खऱ्या वसुलीवाल्याला तुमच्या कर्जाची कुंडली ठाऊक असते. गाडी कोणती, कर्ज कधीचं, मागचा हप्ता कोणत्या शाखेत भरला, हे तो तुम्हाला सांगतो. खोटा तुम्हालाच विचारतो. खात्याचा नंबर सांगा, आधारचे आकडे सांगा, मोबाइलवर ओटीपी आला असेल तो वाचून दाखवा. खरा म्हणतो शाखेत या, पैसे कंपनीच्या खात्यात भरा, पावती घ्या, शंका असेल तर आमच्या ऑफिसात फोन करून विचारा. खोटा म्हणतो फोन ठेवू नका, घरात कोणाला सांगू नका, मी देतो त्याच नंबरावर टाका. खरा तुरुंगाची भाषा करत नाही, कारण हप्ता थकला म्हणून कोणी बेड्या घेऊन येत नाही हे त्याला माहीत असतं. आणि मुख्य म्हणजे खरा तारीख मागतो. खोट्याला तारीख परवडत नाही. त्याला पैसे आत्ता पाहिजेत, कारण तुम्ही फोन ठेवून चार माणसांशी बोललात की त्याचं दुकान बंद. हे सगळं मी तेव्हा कोणी विचारलं की सांगत असे. मला वाटायचं की एवढं सांगितलं की पुरे. ते पुरे नसतं, हे मला निवृत्त झाल्यावर खापा गावात कळलं.

खाप्याचे वामनराव भोयर हे माझं सगळ्यात बिनतक्रार गिऱ्हाईक. एक टेम्पो, दारावर भगव्या अक्षरांत भोयर ट्रान्सपोर्ट असं लिहिलेलं. त्यांचा हप्ता दोनदाच चुकला, आणि दोन्ही वेळा मी फोन करायच्या आधी ते स्वतः नागपूरला येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. कर्ज फिटलं, गाडीच्या कागदावरून कंपनीचं नाव उतरलं, त्या दिवशी ते संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. वसुलीच्या टेबलावर मिठाई म्हणजे अप्रूपच. साहेबांनी आधी डबा उघडून बघितला, मग हसले.

एका सकाळी त्यांचा मुलगा प्रवीण याचा फोन आला. बाबा गेले. वडिलांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर "वसुली म्याडम" म्हणून होता आणि तो एकेका नंबरावर निरोप देत होता. मला तेव्हा तब्येतीमुळे लगेच जाता आलं नाही. तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळच्या बसने सावनेरमार्गे खाप्याला पोहोचले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. वामनरावांचा टोपी घातलेला फोटो, भोयर ट्रान्सपोर्ट, तेरवीचा दिवस, आणि खाली प्रवीणचा मोबाइल नंबर ठळक अक्षरांत.

घरासमोर मंडपाचे बांबू रोवणं चालू होतं. आत सुमनबाई, वामनरावांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. अशा वेळी मला कधीच बोलणं सुचत नाही. आयुष्यभर फोनवर बोलून बोलून समोरच्या माणसाशी बोलायची सवयच गेली असावी. थोड्या वेळाने प्रवीणने मला खुणेने बाहेर बोलावलं आणि टेम्पोच्या आडोशाला नेलं. तो वाडीला एका गोडाऊनमध्ये नोकरी करतो, तिथेच खोली घेऊन राहतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. चेहरा असा, की दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नसावा.

"म्याडम, बाबाचं कर्ज किती बाकी होतं?"

"कोणतं कर्ज? ते फिटून जमाना झाला. कागद मीच हातात दिले."

"ते नाई जी. दुसरं. दवाखान्यासाठी काढलेलं."

मग त्याने सांगितलं. बाबा गेल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवसापासून एका माणसाचे फोन येत होते. कोणत्या तरी कायदा विभागातून बोलतो म्हणे. वामनराव भोयर यांनी आजारपणात मोबाइलवरून कर्ज घेतलं, व्याजासकट लाखाच्या वर गेलं, वारस म्हणून तुमच्या डोक्यावर आहे, पण तेरवीच्या आत भरलं तर पंचाहत्तर हजारांत मिटवून देऊ. नाहीतर तेरवीच्या दिवशी आमची माणसं मंडपात येऊन पाहुण्यांसमोर नोटीस वाचतील. प्रवीणने आदल्या संध्याकाळी दहा हजार पाठवूनही दिले होते. जेवणासाठी काढून ठेवलेले बाकीचे पैसे आज पाठवायचे होते.

मी म्हणाले, "अरे, हे चोर आहेत. तू फ्लेक्सवर नाव, धंदा, नंबर सगळं छापलंस. ज्याचा टेम्पो आहे त्याने कधी ना कधी कर्ज घेतलेलं असणारच, हे शेंबडं पोरही सांगेल."

"मालूम आहे म्याडम, असे फोन येतेत ते. मी मोबाइलवर वाचलं हाय सारं."

"मग पैसे कसे पाठवलेस?"

तो खाली मान घालून बोलला. "दवाखान्याचे पैसे कुठून आले, मी कधी इचारलंच नाई. मले वाटे बाबानं ठेवले असन. मी फकत रविवारी येऊन फळं देऊन जात होतो. अन् घाटावर मीच हात जोडून सांगतलं होतं ना, कोणाचं देणं असन तर तेरवीपर्यंत येऊन सांगा म्हणून. आता सांगणारा आला, तर त्याले खोटा कसा म्हणू? माह्या बापाले कर्जात कसा जाऊ देऊ?"

ही रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. अग्नी दिला की घाटावर घरचा माणूस उभा राहतो आणि जमलेल्यांना सांगतो, यांच्याकडे कोणाचं काही देणं-घेणं असेल तर तेरवीच्या आत घरी येऊन सांगावं, आम्ही फेडू. गेलेल्या माणसाला मोकळं करून पाठवायचं असतं. चोरांनी नेमका तोच धागा पकडला होता. प्रवीण नोटिशीला भ्यायलाच नव्हता. त्याला बापाला मोकळं करायचं होतं, आणि त्यासाठी तो फसायलाही तयार होता.

आमच्या ऑफिसात एक न लिहिलेला नियम होता. ज्या घरात मयत झाली तिथे तेरवी होईपर्यंत फोन करायचा नाही. कितीही बाकी असो, साहेब वरच्यांचं ऐकून घेत, पण तो नियम मोडू देत नसत. सुतकात फोन येतोय म्हणजे हा आपल्यातला नाही, हे मला लगेच कळलं. ते मी प्रवीणला सांगितलं. पण वामनरावांनी दुसरीकडून कर्ज घेतलंच नव्हतं, हे मी छातीठोकपणे कशी सांगणार? आणि त्याला नेमकं तेवढंच ऐकायचं होतं. मी म्हणाले, आईला विचारू. तो हातच जोडायला लागला. "मायले सांगू नका. ते या दुखातच मरन."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तोच नंबर. मी फोन घेतला, स्पीकर लावला आणि टेम्पोच्या बॉनेटवर ठेवला. इतकी वर्षं मी फोनच्या त्या बाजूला होते. आज पहिल्यांदा या बाजूला.

"पैसे निघाले का?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

मी आवाज म्हातारा केला. वाडीच्या ट्रकमालकांकडून एवढं तर शिकले होते. "मी आत्या बोलून राहिली त्याची. पोट्टा घाबरून गेला जी. आमी सारे देतो ना. पोळा झाला की देतो."

"पोळाबिळा काही नाही. एका तासात. नाहीतर उद्या मंडपात तमाशा होईल."

"बरं बाप्पा. पण कर्ज कोणत्या ब्यांकेत जमा झालं होतं त्याचं?"

"ते तुम्ही सांगा. खाते क्रमांक वाचा, म्हणजे मी तपासून सांगतो."

मी प्रवीणकडे बघून बोट नाचवलं. विचारतोय, सांगत नाही. पण पोराचा चेहरा तसाच. मग मी सहज म्हणून विचारलं, "अन् भाऊ जिता होता तवा काहून नाई फोन केला तुमी?"

"केला नाही कसा? मागच्या महिन्यातच केला. स्वतः बोलले तुमचे भाऊ. आईबहिणीवरून शिव्या दिल्या त्यांनी मला. रेकॉर्डिंग आहे. उद्या मंडपात तेच लावतो, ऐकू द्या सगळ्या गावाला."

"कोण बोल्लं म्हणते?"

मागून आवाज आला. सुमनबाई दारातून कधी बाहेर आल्या होत्या, आम्हाला दोघांनाही कळलं नाही. त्या हळूहळू टेम्पोपाशी आल्या आणि फोनकडे वाकल्या.

"कोण बोल्लं तुह्याशी? दिवाळीपासून त्याईची वाचा गेल्ली होती. लकवा मारला तवापासून तोंडातून शबद नाई निंघाला. माह्यं नाव घ्याले पाहत, तर नुसतं 'सु, सु' करत अन् रडत. मी कान लावून बसू का एक खेप तरी पुरं नाव घेतीन. मले नाव नाई घेता आलं त्याईले, अन् तुले शिव्या देल्ल्या?"

मग तो चाचरला. "मग मुलाने दिल्या असतील. रेकॉर्ड बघून सांगतो. पण कर्ज तर आहेच ना दवाखान्याचं..."

"दवाखाना मी केला," सुमनबाई म्हणाल्या. "माह्या पाटल्या मोडल्या. सावनेरले, माह्या भावासंगं जाऊन. एक रुपयाचं कर्ज नाई काढलं आमी."

प्रवीणने आईच्या हातांकडे बघितलं. नवरा गेल्यावर बाईचे हात उघडे होतातच, त्यामुळे ते त्याआधीच उघडे झाले होते हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. रविवारी फळं घेऊन येणाऱ्या मुलाच्याही नाही. तो तिथेच टेम्पोच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी पण रडले. पण ते रडणं वाईट नव्हतं. माझ्या समोर त्याच्या छातीवरचा धोंडा उतरत होता. वामनराव कोणाचं काहीही देणं लागत नव्हते.

सुमनबाई मात्र रडल्या नाहीत. फोन अजून चालू होता. त्या म्हणाल्या, "उद्या तेरवीले येतो म्हणत होता ना? ये. पंगत बसते दुपारी. तुह्यं पान वाढून ठेवतो. साऱ्या गावासमोर सांग का वामन भोयरनं तुह्यं किती बुडवलं."

फोन कट झाला.

मग आम्ही करायचं ते केलं. सायबर तक्रारीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करून दहा हजारांचा व्यवहार सांगितला, पोलीस ठाण्यात जाऊन लेखी दिलं, तो नंबर आणि मेसेज दाखवले. रक्कम जाऊन एकच रात्र झाली होती. ती पुढच्या खात्यात अडकवली गेली आणि काही आठवड्यांनी परतही आली. उशीर झाला असता तर आली नसती, हे तिथल्या हवालदारांनी स्पष्टच सांगितलं.

ठाण्यातून घरी परतल्यावर मी शहाण्यासारखा सल्ला दिला. नंबर ब्लॉक करा, तेरवी शांतपणे पार पडू द्या, पाहुण्यांसमोर हा विषय नको. उगाच लोक म्हणतील, काहीतरी असेल म्हणूनच फोन आला. सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"गप कायले राहाचं म्याडम? चोर आमी हाव का?"

चार लोकांत बभ्रा होईल, ही भीती आमच्या धंद्यातही कामाला यायचीच. आम्ही तिचा बोलून वापर करत नसू, पण ती आहे म्हणून हप्ते वेळेवर यायचे, हे आम्हाला पुरतं माहीत होतं. खोटे वसुलीवाले तिच्यावरच तर जगतात. ही बाई एका वाक्यात ती भीती उचलून बाजूला ठेवत होती आणि मी, या विषयातली जाणकार, तिला गप्प राहायला सांगत होते. त्याचं वाईट अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. पोळी, वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. पहिली पंगत बसली तेव्हा रांगेच्या सुरुवातीलाच एक पान वाढलेलं होतं आणि त्याच्यासमोर कोणी नव्हतं. लोक येत, बसायला वाकत आणि सुमनबाई त्यांना पुढे पाठवत.

"हे पान कोणाचं हाय वं?" एका म्हातारीने विचारलं.

"वसुलीवाल्याचं. येतो म्हणे आज."

कुजबुज मंडपभर पसरली. प्रवीणने भजनी मंडळाचा माइक हातात घेतला. त्याने सगळं सांगितलं. फोन कसे आले, तो कसा फसला, दहा हजार कसे पाठवले, बाबांनी शिव्या दिल्या असं तो कसं म्हणाला. वाचा गेलेल्या माणसाच्या शिव्या ऐकून आधी मंडप हादरला आणि मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच. तेरवीत एवढं हसणं मी ऐकलेलं नाही. प्रवीणही हसला. मग हात जोडून म्हणाला, "आज पुन्हा एक खेप सांगतो. माह्या बाबाकडे कोणाचं देणं असन, त्यानं आता इथं समोर येऊन सांगावं, मी देतो. फोनवर सांगतलेलं देणं आमच्या घरात देणं मानल्या जाणार नाई."

कोणी पुढे येईना. मग बायकांच्या बाजूने एक जण उठली. सुमनबाईंची मावसबहीण कमलबाई, कन्हानहून आलेली. तिचा नवरा मागच्या वर्षी गेला होता. ती माइकपर्यंत गेली नाही, जागेवरच उभी राहून बोलली.

"मीबी भरले. ह्याच्यासारखाच फोन आला होता. मानूस गेला अन् चवथ्या दिवशी. पोट्ट्याले अजूनबी सांगतलं नाई. मले वाटलं, खरंच घेतले असन त्याईनं, दारूबिरू पीत होते ते... वर्षभर मी त्याईलेच मनात बोल लावून राहिली."

तिचा मुलगा बाजूच्याच पंगतीत बसला होता. तो पानावरून उठला, आईजवळ गेला आणि तिचा हात धरून उभा राहिला. मग पुरुषांतून एक उठला. मग मागून दोघं. कोणी भरले होते, कोणी भरता भरता वाचले होते, आणि एकानेही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. जो तो समजत होता की आपल्याच माणसाने काहीतरी लपवलं. एका मंडपात एवढ्या गेलेल्या माणसांवरचा आळ उतरताना मी उभी राहून पाहत होते आणि मला आनंद आवरत नव्हता. तेरवीत आनंद झाला म्हणायचं नसतं. पण झाला.

त्या आठवड्यात प्रवीणने चारपाच जणांना घेऊन पुन्हा पोलीस ठाणं गाठलं. कमलबाईंचे पैसे काही मिळाले नाहीत, फार उशीर झाला होता. पण त्या मला फोनवर म्हणाल्या, "पैसे गेले तं गेले, माह्या नवऱ्याले मी पुन्हा पैलेसारखी हाक मारते आता." खाप्याच्या घाटावर हल्ली देण्याघेण्याचं सांगताना ते वाक्यही जोडतात, की देणं असेल त्याने स्वतः दारात यावं, फोनवरचं चालणार नाही. सावनेरलाही कोणीतरी तसं म्हणाल्याचं कानावर आलं. फ्लेक्सवर मोबाइल नंबर छापणंही बऱ्याच घरांनी बंद केलं. नोकरीत मी जेवढ्या लोकांना शहाणपण शिकवलं असेल त्यापेक्षा जास्त काम त्या मंडपातल्या एका दुपारी झालं, आणि ते माझ्या शहाणपणाने झालं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं शेवटचं. लोक शांत झाले, वाढपी पुन्हा उभे राहिले. ते पान अजून तसंच होतं, बुंदी तेवढी वाऱ्याने पानाबाहेर घरंगळली होती. सुमनबाई माझ्याकडे आल्या.

"म्याडम, उठा. चाला."

"मी दुसऱ्या पंगतीत बसते ना."

"वसुलीवाल्याचं पान हाय. खाली कसं ठेवू?"

कंपनीचा सक्त नियम होता, गिऱ्हाइकाच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आणि खरं सांगायचं तर नियम नसता तरी आम्हाला पाणी कोणी विचारलं असतं असं नाही. आमची माणसं दारात दिसली की लोक आत जाऊन कडी लावायचे. मी गिऱ्हाइकाच्या घरी कधी जेवले नव्हते. जेवेन असं मनातही आलं नव्हतं. सुमनबाईंनी माझा दंड धरला आणि मला त्या पानावर बसवलं, अख्ख्या गावासमोर. स्वतःच्या हाताने पानावर पुन्हा बुंदी वाढली, वरणावर तूप घातलं.

मग पदर सावरून त्या ताठ उभ्या राहिल्या आणि मंडपाकडे वळून म्हणाल्या, "आता त्याईच्यावर कोणाचं काई बाकी नाई. जेवा सारेजण."